नट काढून टाकले तर 'डेट्रॉइट'मध्ये उरतं काय?

अंधेरी_स्लो:
भाचीने गणपतीत प्लेस्टेशन घरी आणलं, म्हणून २०१८ चा 'डेट्रॉइट: बिकम ह्युमन' हा व्हिडिओ गेम आत्ता कुठे खेळून झाला. (पुढे रसभंग आहे, खेळायचा असेल तर इथूनच मागे फिरा.) माझं म्हणणं सरळ आहे, कथा पोकळ आहे आणि नटांनी तारली आहे. साल २०३८, घरकामापासून पोलीस खात्यापर्यंत सगळीकडे अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे यंत्रमानव, आणि बसमध्ये त्यांना मागच्या कप्प्यात उभं करतात. अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास यंत्रांच्या अंगावर चढवला की झालं? लेखक-दिग्दर्शक डेव्हिड केजला सूचकतेचं वावडंच आहे. पण क्लॅन्सी ब्राउनचा हँक बघा. दारुडा, तिरसट, मुलगा गमावलेला पोलीस. साचा शंभरदा पाहिलेला, तरी हा माणूस नुसता सुस्कारा टाकतो आणि आपण कान टवकारतो.

तिसरा_मजला_गिरगाव:
बस ढोबळ वाटली? आमची आई परळच्या एका टॉवरमध्ये पोळ्या करायला जायची. तिथे तिला वेगळी लिफ्ट. वर पाटी होती: नोकर, सामान, पाळीव प्राणी. सूचकता म्हणे!
आणि टॉडच्या घरी कामाला असलेल्या कारा या अँड्रॉइडचा प्रसंग विसरलात? भांडी, कपडे, केर, एकेक काम आपल्याला बटणं दाबून करावं लागतं. कंटाळा येतो. यायलाच हवा. हे नटीचं काम नाही, लिहिणाऱ्याचं आहे.

कर्जत_लास्ट_लोकल:
घरकामाचं मान्य, पण टॉडच्या घरातल्या छोट्या ॲलिसचं काय? कारा माणसाच्या लेकरासाठी जीव धोक्यात घालते, गोष्टीचा सगळा जोर त्यातच. आणि मग कळतं की पोरगीही अँड्रॉइडच! जो प्रश्न विचारायचा होता तोच खोडून टाकला. व्हॅलरी करीने २०१२ च्या छोट्या डेमोत काराला जो जीव दिला होता (जुळणीच्या पट्ट्यावर तयार होत असतानाच ती जगू द्या म्हणून विनवते), तेवढा मला पूर्ण गेममध्येही सापडला नाही.

माइकसमोर:
मी डबिंग करतो, म्हणून जरा लांबण लावतो. आम्हाला तयार चित्रावर आवाज चढवायचा असतो. इथे आवाज, चेहरा, चालणं, सगळं एकाच नटाचं, अंगावर खुणा लावून टिपलेलं. शिवाय खेळणारा कोणता पर्याय निवडेल हे माहीत नसताना सगळ्या वाटा करून ठेवायच्या. ब्रायन डेचार्टचा कॉनर (हँकच्या जोडीला दिलेला अँड्रॉइड) त्याच चौकशीत समजूतही घालू शकतो आणि दमही देऊ शकतो, आणि दोन्ही वेळा तो कॉनरच वाटला पाहिजे. कॉनर मेला तर तोच चेहरा घेऊन नवा कॉनर कामावर हजर होतो, आणि हँक बिथरतो. ते बिथरणं आधी कोणीतरी लिहिलं होतं ना? मग नट आणि लेखन सुटं कसं करणार?
(जाता जाता: मार्कस या अँड्रॉइडला मुलासारखं वागवणारा म्हातारा चित्रकार कार्ल म्हणजे लान्स हेन्रिक्सन. याच माणसाने १९८६ मध्ये पडद्यावर अँड्रॉइड केला होता. ही निवड मला फार आवडली.)

अंधेरी_स्लो:
लिफ्टवर माझ्याकडे उत्तर नाही. बस तरीही ढोबळच वाटते. अँड्रॉइडांच्या बंडाचा पुढारी झालेल्या मार्कसच्या भाषणांबद्दल तर कोणी बोलतच नाहीये. जेसी विल्यम्स मनापासून करतो, पण वाक्यं निवडणुकीच्या सभेतली.
हँक बिथरतो वगैरे मी पाहिलं नाही. माझा कॉनर एकदाही मेला नाही. शेवटपर्यंत हुकूम पाळणारं यंत्रच राहिला, हँकशी काही जमलं नाही.

तिसरा_मजला_गिरगाव:
म्हणजे अर्धा हँक न बघताच धागा काढलात!

अंधेरी_स्लो:
भाचीच्या खेळात तो शेवटी कॉनरला मिठी मारतो म्हणे. दाखव म्हटलं, तर म्हणाली, "मामा, स्वतः कमव." दुसऱ्यांदा सुरू केलाय. ओलीस मुलीच्या प्रसंगातच कॉनर गच्चीवरून खाली गेला.