सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिली मोटरसायकल: घ्यावी की राहू द्यावी?

सुताचा_हिशोब

नमस्कार मंडळी. वय ४७, मुक्काम जुळे सोलापूर, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, हिशोबाच्या टेबलावर. आजवर गिअरची दुचाकी कधी घेतली नाही. वडिलांनी गिरणीची नोकरी सायकलवर काढली, मी लुनावर शिकलो, पुढे बिनगिअरची स्कूटर आली आणि तीच चालू आहे. दारात छोटी कार आहे, ती बायको नेते. तिची शाळा लांब आहे.

गेल्या दिवाळीपासून बुलेट डोक्यात बसली आहे, ३५० वाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा शोरूमवाला म्हणाला, "साहेब, आता नाही तर कधी?" तो म्हणणारच, त्याचं पोट आहे त्यावर. पण पैशांची अडचण खरंच नाही. घराचे हप्ते फिटलेत, मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मला लडाखला जायचं नाही. रविवारी पहाटे उठून हत्तरसंग कुडलला जावं, भीमा-सीनेचा संगम बघावा, शके ९४० चा मराठी शिलालेख पुन्हा एकदा वाचायचा प्रयत्न करावा. पावसाळ्यात नळदुर्गचा नर-मादी धबधबा. कधीतरी विजापूर. या सगळ्या ठिकाणी कारनं जाऊन आलोय. पोचणं झालं, जाणं झालंच नाही असं वाटतं.

बायको "नको" म्हणत नाही, "बघा" म्हणते. लग्नाला वीसेक वर्षं झालेल्यांना यातला फरक सांगायला नको.

ऑफिसात दोन मतं मिळाली. एक, "जगून घ्या". दुसरं, "म्हातारचळ". दोन्ही ऐकून झाली आहेत, म्हणून इथे विचारतोय.

कडकभाकरी

घ्या की वो काका! एवढा काय विचार करताय बे? विचार करत करत साठी येईल, मग गुडघे म्हणतील नको. बुक करा आणि पहिली फेरी सिद्धेश्वराला.

तुळजापूर_नाका

मी नको म्हणणाऱ्यांतला. वयाचा मुद्दा माझ्यापुरता गौण आहे. रस्ते आणि महिने, या दोन गोष्टी बघा.

मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत सोलापुरात सकाळी नऊनंतर हेल्मेट घालून बसणं म्हणजे स्वतःला वाफवणं. पावसाळ्यात शेतातनं निघालेला ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकतो, त्यावर अर्धी सर पडली की चाक कुठं जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे गाडीचे खरे दिवस उरले दिवाळी ते होळी. आणि नेमका तोच कारखान्यांचा सीझन! एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. टेप इतका मोठ्यानं की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत जाणारच नाही. रस्त्यात पडलेली उसाची कांडी कारखाली गेली तर 'टक्' आवाज होतो, बुलेटच्या पुढच्या चाकाखाली आली तर तुम्ही खाली. आणि तुम्ही निघणार पहाटे, म्हणजे अंधारात.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. कारमध्ये पट्टा आहे, पत्रा आहे. कुडलला जायला कार चालते की.

बाराबंदी

तुळजापूर_नाका, तुमचा आकडा खरा, पण तो लावलात चुकीच्या जागी. हा माणूस रोज स्कूटरवरून अक्कलकोट रोडला जातो. कंटेनर, रिक्षा, उलट्या बाजूनं येणारे, सगळं भोगून. म्हणजे तुमच्या त्या ४५ टक्क्यांच्या रांगेत तो आधीपासून उभा आहेच. बुलेट घेतली म्हणून नव्यानं दुचाकीवर बसतोय असं थोडंच आहे? लहान चाकाच्या स्कूटरपेक्षा मोठ्या चाकाची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) असलेली गाडी खड्ड्यात बरीच.

तुळजापूर_नाका

नव्यानंच बसतोय. गावात ४० नं जाणं आणि पुणे-हैदराबाद हायवेवर ८० नं जाणं यात वेग दुप्पट झाला तरी आदळण्याचा जोर चौपट होतो, हे शाळेत शिकलोय आपण. शिवाय रोजचा रस्ता पोटासाठी आहे. हा शौकासाठी.

चौकातलं_गॅरेज

मी गेली बरीच वर्षं दुचाक्याच दुरुस्त करतोय, बुलेटही आणि स्प्लेंडरही. वरच्या सगळ्यांनी रस्ता, ऊन, वय सगळं काढलं. डाव्या हाताचं कुणीच काढलं नाही.

स्कूटरला डावा दांडा म्हणजे मागचा ब्रेक. हल्लीच्या स्कूटरला तर तोच दांडा दाबला की पुढचाही थोडा लागतो. साहेबांनी वीस-पंचवीस वर्षं कुत्रं आडवं आलं की डावा हात आवळलाय. आता बुलेटवर बसा. डावा दांडा क्लच, मागचा ब्रेक उजव्या पायाला. कुत्रं आडवं आलं, हातानं जुन्या सवयीनं डावा दांडा आवळला, तर गाडी थांबायची सोडून मोकळी सुटते, कारण इंजिनाची ओढ गेली. ब्रेक लागलाच नाही. वर १९५ किलो वजन. हे मी गॅरेजच्या दारात बघितलंय. गाडी घेऊन महिना न झालेला माणूस, समोरून रिक्षा वळली, यानं डावी मूठ घट्ट धरलेली आणि गाडी आरामात रिक्षाला जाऊन भिडली. सावकाश होता म्हणून इंडिकेटरवर भागलं. माणूस पन्नाशीचा, स्कूटर चालवण्यात पक्का. उलट आमच्याकडं शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरांना हे होत नाही, त्यांच्या हातात जुनी सवयच नसते.

तेव्हा वय आडवं येतं ते असं. तुम्हाला गाडी येत नाही हे तुमच्या मनाला माहीत असतं, हाताला माहीत नसतं.

माझं मत: आधी जुनी १०० सीसी घ्या, चाळीस-पन्नास हजारांत ठीकठाक मिळते. चार-सहा महिने ऑफिसला तीच न्या. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, रांगणं, उजवा हात आणि उजवा पाय एकदम दाबणं, हे अंगात मुरू दे. मग विका, फार घाटा होत नाही. नंतर बुलेट. आणि काहीही करा, स्कूटर त्या काळात घरात कुणाला तरी देऊन टाका. आज ही उद्या ती केलं तर हात कधीच सुधारणार नाही.

अक्का_विजापूर_रोड

गॅरेजवाल्या दादांचा डाव्या हाताचा मुद्दा सोळा आणे खरा. जुन्या गाडीचा सल्ला मात्र मला पटला नाही.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी गिअरची गाडी घेतली. उंची पाच फूट एक. मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आधी हलकी घे, मग बघू. हलकी माझ्या भावाचीच होती, दोन वेळा चालवली आणि उभी राहिली, कारण मन त्यात नव्हतं. माणूस या वयात तीच गोष्ट शिकतो जी त्याला पाहिजे असते. मी सरळ पाहिजे ती घेतली. पहिला महिना सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर आणि रविवारी ओस पडलेल्या एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर. इंजिन बंद करून गाडी ढकलत मागं घेणं, आठ आकड्यात वळवणं, थांबताना नुसता डावा पाय टेकणं. शेजारच्या काकू गॅलरीतून रोज बघायच्या, तेवढं सोसलं.

उंचीचं म्हणाल तर बुलेटचं सीट ८०५ मिलिमीटरवर आहे. शोरूममध्ये बूट घालून बसून बघा, चपलेवर नको. दोन्ही पाय सपाट टेकत नसतील तरी चालतं, पण उतारावर गाडी मागं ढकलता आली पाहिजे. विक्रेता सपाट फरशीवरच बसवेल, तुम्ही बाहेरच्या रस्त्यावर न्यायला लावा.

आणि साहेब, सगळे भांडतायत, पण लायसन्स कसलं आहे तुमचं?

सुताचा_हिशोब

अक्का, विचारलंत म्हणून पाकीट काढून बघितलं. बिनगिअरचंच आहे. शोरूमवाल्यानं हे विचारलंसुद्धा नाही, टेस्ट राइडची तारीख मात्र दिली!

अक्का_विजापूर_रोड

मग टेस्ट राइडही नको. नव्या वर्गासाठी पुन्हा लर्निंग काढायचं, ३० दिवसांनी आरटीओत चाचणी द्यायची, ती लायसन्सवर चढते. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. तोवर गिअरची गाडी चालवून काही झालं तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते, आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो त्यालाही योग्य लायसन्सच लागतं. एजंट म्हणेल "चाचणीचं मी बघतो". त्याला बघू देऊ नका.

रात्रपाळी_डॉक्टर

फॉर्म १-अ निघालाच आहे तर एक सांगतो. आमच्याकडे येणारे बरेच जण तो फॉर्म नुसता सहीसाठी पुढं करतात. सही मागण्याआधी डोळे खरंच तपासून घ्या. चाळिशीचा चष्मा असेल तर समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर आल्यावर परत नीट दिसायला विशीतल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बीपीची गोळी नवी सुरू झाली असेल तर आधी अंगवळणी पडू द्या. साखरेची गोळी घेत असाल तर पहाटे उपाशीपोटी पन्नास किलोमीटर नको. हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण तोंडाचं, आणि चष्मा घालूनच दुकानात मापाला बसवा. बाकी वयाबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

कडकभाकरी

डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं तर शेंगाचटणी पण बंद होईल बे 😄

तुळजापूर_नाका

हसा. माझा प्रश्न अजून तसाच आहे. दोन लाखांच्या वर पैसे घालून वर्षातले मोजके रविवार मिळणार, उरलेले दिवस गाडी कव्हरखाली. हिशोबाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसानं हे मांडून बघावं. फेरीमागं काय भाव पडतो?

अक्का_विजापूर_रोड

लॉकरमधल्या पाटल्या वर्षातून किती वेळा घालतात तुमच्या घरी? फेरीमागं काय भाव पडतो?

तुळजापूर_नाका

पाटल्यांचा भाव चढतो अक्का. बुलेट शोरूमबाहेर आली की उतरतो.

बाराबंदी

हे बरोबर आहे, पण सोनं घेऊन नळदुर्गला जाता येत नाही. मला वाटतं पैशांची चर्चा इथं थांबवावी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलंय की अडचण नाही. मुलगी कमावती व्हायची आहे, तेव्हा टर्म इन्शुरन्स आहे का एवढंच विचारणं रास्त. तो नसेल तर आधी तो.

सुताचा_हिशोब

टर्म आहे. मुलीला काल फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "पप्पा, घ्या, पण मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलात तर मी ओळख देणार नाही." बायको अजून "बघा"वरच आहे.

सगळ्यांचं वाचलं. रस्त्यांबद्दल तुळजापूर_नाका यांच्याशी वाद नाही. त्या ट्रॉल्यांच्या मागं कारमध्येही जीव मुठीत धरून बसलोय. पण खरं सांगायचं तर डाव्या हाताच्या गोष्टीनं मला जास्त घाबरवलं. काल संध्याकाळी ऑफिसातून येताना मुद्दाम लक्ष ठेवलं. गर्दीत डावा हात ब्रेकवर न सांगता जातो, उजवा नंतर कधीतरी. मला वाटत होतं मी दोन्ही ब्रेक वापरतो.

लर्निंगचा अर्ज करतोय. बुकिंग नाही केलं. जुनी १०० घ्यायची की अक्का म्हणतात तसं सरळ बुलेट, यावर अजून डोकं चालेना. चौकातलं_गॅरेज, लर्निंग हातात आलं की शिकायला गाडी मिळेल का तुमच्याकडे?

चौकातलं_गॅरेज

मिळेल. स्प्लेंडर आहे, पोरं शिकतात तीच. संध्याकाळी सहानंतर या, दुपारी काम असतं. स्कूटर घरी ठेवून या, मागं बसून कुणालातरी सोडायला लावा. पहिले काही दिवस गाडी उभी करूनच ब्रेक दाबायला लावीन, कंटाळा येईल, तेव्हा तक्रार करायची नाही.

कडकभाकरी

काका, सोडायला मी येतो. पण बुलेट आली की पहिली चक्कर मला.

अक्का_विजापूर_रोड

तुझं लायसन्स दाखव आधी.