आवाज एकच, पण तुम्हाले काय ऐकू आलं? अनुभव सांगा

(दारव्हा तालुका)
मृगाच्या आधी आमच्या वावरातल्या निंबावर पावशा बोलाले लागला का बाबा सरकीचं पाहाले लागतात. त्याईले तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणते असं साफ ऐकू येते, मलेबी लहानपणापासून तेच. यंदा वीटभट्टीवर छत्तीसगडचे लोक होते, त्यातला एक जण म्हणे हा तर 'पी कहाँ' विचारून रायला. इंग्रजांनी त्याच पाखराले 'ब्रेन फीवर' म्हटलं. मी दोन दिवस मुद्दाम 'पी कहाँ' ऐकाचा प्रयत्न केला, अन् एकदा ते ऐकू आलं का 'पेरते व्हा' परत आणाले मेहनत पडली. तुमच्याकडं असं काही झालं असन तं लिहा, लहानसं असलं तरी चालते.

(आर्वीकडून)
आमच्या आबाजीचं सांगते. कापूस मोजताना मापारी ओरडला 'सदुसष्ट', आबाजीनं ऐकलं 'अडुसष्ट'. मी बाजूलेच उभी होती, मले सदुसष्टच आलं. पण ते अडून बसले, एका किलोसाठी नाही, फसवते या रागानं, अन् दोन वर्षं त्या माणसाशी बोलले नाही. मंग कान तपासले तेव्हा समजलं का वय झालं का बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, अन् 'स'चा जोर नेमका तिथंच असते, ४,००० हर्ट्‌झच्या वर. 'स' गेला का सदुसष्टचं अडुसष्ट, सदतीसचं अडतीस. आता घरात आम्ही 'साठ अन् सात' असंच म्हणतो. आबाजी स्वतः मापाऱ्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले.

(अचलपूर)
२०१८ च्या मे मधे ते 'लॉरेल का यॅनी' आलं होतं ना, एकाच शब्दाचं रेकॉर्डिंग, कोणाले 'लॉरेल' ऐकू ये तं कोणाले 'यॅनी', आमच्या पानठेल्यावर एकाच मोबाईलवर चौघांनी ऐकलं, दोघं लॉरेल, दोघं यॅनी. भाच्यानं खालचा जाड आवाज कापला तं मलेबी यॅनी आलं, परत आणला का लॉरेल. दोन्ही शब्दांचा मसाला त्या एकाच आवाजात होता.

(जि. प. शाळेतून)
ताई, तुमच्या आबाजीचं वाचून आमच्या वर्गातलं आठवलं. मास्कच्या दिवसांत मागच्या बाकावरच्या पोरांना माझं श्रुतलेखन कळेचना, आवाज तोच, पण ओठ झाकलेले. म्हणून नंतर मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, तोंड 'गा' म्हणते अन् आवाज 'बा'चा लावलेला. बहुतेकांनी 'दा' लिहिलं. डोळे मिटाले सांगितले, तं सगळ्यांना 'बा'. १९७६ मधे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी हे मांडलं. एक पोरगी एक डोळा उघडून-मिटून पाहत बसली होती, तिला मधल्या सुट्टीचंबी भान नव्हतं.

(यवतमाळ, सध्या पुण्यात)
होस्टेलमधे मी म्हटलं 'माझा काळा शर्ट दे', रूममेट म्हणते 'काया शर्ट म्हणजे काय?' मी तिले परत परत 'काळा' म्हणत होती, म्हणजे मले तसंच वाटत होतं. तिनं रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हाबी मले त्यात 'ळ'च आला. सहा महिन्यांनी तेच रेकॉर्डिंग लावलं अन् साफ 'काया'. मी थंड पडली. नंतर कॉलेजात शिकवलं का सहा-आठ महिन्यांच्या लेकराले परक्या भाषेतला 'ट' अन् 'त'बी वेगळा कळते, वर्षाच्या आत मात्र घरी कानावर पडते तेवढाच फरक मागं राहते. घरी गेली का अजूनबी मी कायाच म्हणते, आईले तोच काळा ऐकू येते.

(दर्यापूर)
थोडंसंच लिहितो. रात्रीची लाईट असली का मी एकटाच ओलिताले जातो. मोटर चालू झाली का तिच्या घरघरीत मले बाबा हाक मारताना ऐकू येतात, 'बापू, पाह्य, दांड फुटला'. त्याईले जाऊन तीन वर्षं झाली. मोटर बंद केली का काहीच नाही. पण दोनदा मी उठून पाहिलं, अन् दांड खरंच फुटला होता. पाण्याचा आवाज बदलला असन, तेवढंच. तरी मी अजून उठतो.