दोरेचं लाल टोपीवालीचं चित्र लहान मुलांना दाखवावं का?

रानवाट: माझं मत, जरूर दाखवावं. फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेने पेरो या फ्रेंच लेखकाच्या परीकथांच्या १८६२च्या आवृत्तीसाठी काढलेलं पलंगावरचं चित्र बघा. आजीची झालरवाली टोपी घालून लांडगा अंथरुणात पडलाय. शेजारी ती लाल टोपीवाली पोरगी, केस मोकळे, पांघरूण मुठीत आवळलेलं, नजर तिरपी त्याच्यावर. रक्ताचा थेंब नाही. सगळी भीती तिच्या डोळ्यांत. पेरोच्या १६९७च्या गोष्टीत लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. लांडग्याचं पोट कापून तिला सोडवणारा शिकारी जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकातला. दोरे पेरोशी इमान राखतो. हल्लीच्या पुस्तकांतले लांडगे इतके गोंडस असतात की पोरीने का घाबरावं तेच कळत नाही.

शाईदौत: अजिबात पटलं नाही. पेरोने शेवटी उपदेशाचं कडवं जोडलंय ते तरुण मुलींसाठी: गोडबोल्या लांडग्यांपासून जपा. चार वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार? त्याच्या वाट्याला नुसती धास्ती येईल. आपली भोपळ्यातली म्हातारी वाघाच्या हातावर तुरी देऊन निसटते, म्हणून पोरं ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात. या चित्रात सुटकेला वावच नाही.

रानवाट: पण म्हातारीच्या गोष्टीतही वाघ खायलाच टपलेला असतो ना? तो खरा वाटतो म्हणून तर टुणूक टुणूकला मजा येते. शिवाय ही पोरगी किंचाळत नाहीये. काहीतरी चुकतंय हे तिला उमगतंय, नेमका तो क्षण दोरेने पकडलाय. मुलांनी तोच ओळखायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

ठसा: यात कोरणाऱ्यांचं नाव कुणीच घेतलं नाही. दोरे लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचा आणि पिसाँ, पानमाकेर यांच्यासारखे कारागीर ते छपाईसाठी कोरायचे. त्याच्या छटा टिकल्या त्या या लोकांच्या बारीक रेघांमुळे. मोबाइलवर त्या रेघांचा नुसता काळा गोळा होतो, म्हणून दाखवायचंच तर छापील आणि मोठ्या आकारात दाखवा. वयाबद्दल मात्र मी शाईदौतच्या बाजूने.

शाईदौत: मग सुरुवात त्याच पुस्तकातल्या रानातल्या चित्राने करा. लांडगा पाठमोरा, ती त्याच्यासमोर उभी, आणि अजून पळायला वाट आहे. पलंगावरचं चित्र पोर सात-आठ वर्षांचं झाल्यावर. त्याआधी माझ्या घरात तरी नाही.