वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा? हा शब्द नक्की आला कुठून?

उंबरठा:
आमच्याकडे लेकीचं मराठी सुधारावं म्हणून रोज पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचायची असा नियम आहे (पाळला जातो आठवड्यातून दोनदा). परवाची बातमी होती, मालगाडीच्या सहा वाघिणी रुळावरून घसरल्या, वाहतूक ठप्प. तिने पेपर खाली ठेवला आणि विचारलं, बाबा वाघिणींना मालगाडीतून कुठे नेत होते? हसून झालं, मग लक्षात आलं की वॅगनचा अपभ्रंश यापलीकडे मलाही काही सांगता येत नाहीये. साधं डबा का नाही म्हणत? आणि ही वाघीण पेपरातच राहते की कुणी बोलतंही?

पोटभाडेकरू:
अपभ्रंशच आहे. स्टेशनचं ठेसन झालं तसंच, फक्त इथे कानाने ओळखीचा अख्खा शब्दच उचलून चिकटवला. पण मला यात आवडतं ते हे की शब्द आला तो व्याकरण घेऊन आला. ती वाघीण, त्या वाघिणी, वाघिणीत, वाघिणींमधून, कुठे अडत नाही. आता वॅगनचं अनेकवचन करून दाखवा बरं, वॅगनी? वॅगना? शेवटी वॅगन्स म्हणून इंग्रजीचाच स लावावा लागतो.
आणि डबा नाही म्हणत कारण डबा माणसांचाही असतो. डब्यात माणसं, वाघिणीत कोळसा, खत, सिमेंट. हिंदीवाल्यांना मालडिब्बा असं जोडून सांगावं लागतं, आपलं एका शब्दात भागतं.

छोटी लाईन:
मी चंद्रपूरचा. आमच्याकडे हा शब्द वापरणं म्हणजे रिस्क आहे भाऊ 😄 इथे खदानीपण आहेत न ताडोबापण आहे, औष्णिक केंद्राच्या आवारात खरोखरचा वाघ दिसला अशा बातम्या येतच राहतात. २०१८ च्या नोव्हेंबरात जुनोन्याच्या जंगलात तीन बछडे रेल्वेखाली गेले, तेव्हा "वाघीण" आणि "रूळ" हे दोन शब्द एका बातमीत आले की कोणती वाघीण ते दोनदा वाचून बघावं लागायचं. ती गोंदिया–चांदा फोर्ट लाईन, पहिले नॅरोगेज होती, आमची म्हातारी माणसं अजून छोटी लाईनच म्हणतात, माझं इथलं नाव तिच्यावरूनच.
पण खरं सांगू का, खदानीत कोणीच वाघीण म्हणत नाही. वडील सायडिंगवर (मालगाडी भरायच्या बाजूच्या रुळांवर) कामाला होते, घरात ऐकलेले शब्द म्हणजे वॅगन, डबा, आणि पूर्ण गाडीला रॅक. "रॅक लागली", "रॅक अर्धीच भरली", "रॅक सुटली की येतो घरी". आता एका रॅकमधे ५८-५९ डबे असतात, साडेतीन-चार हजार टन कोळसा एका वेळेस जातो. वाघीण हा पेपरवाल्यांचा शब्द आहे, मजुराचा नाही असं माझं मत.

जुनाट:
छोटी लाईन, तुमच्या मताशी अर्धा सहमत. आज पेपरात उरलाय हे खरं, पण असा शब्द टेबलावर बसून कुणी पाडत नाही, परिभाषा समितीने केला असता तर मालवाहिका वगैरे काहीतरी निघालं असतं. हा ऐकून झालेला शब्द आहे, आधी कुणाच्या तरी तोंडी असणारच.
आता मूळ वॅगनबद्दल, कारण गंमत तिकडेच जास्त आहे. आपण समजतो की आधी रेल्वे आली न मग तिला वॅगन जोडली. उलटं आहे. इंग्रजीत हा शब्द डचांच्या वागेन वरून आला, अर्थ साधी चार चाकांची गाडी. ती कोळशाने भरली की चिखलात रुतायची, म्हणून चाकाखाली लाकडाच्या पट्ट्या टाकायला लागले. १६०३-०४ मधे नॉटिंगहॅमजवळ वोलटनला हंटिंग्डन बोमाँट नावाच्या माणसाने असा लाकडी मार्ग केला, कोळशासाठीच, आणि मग हे लोण ईशान्य इंग्लंडात टाइन नदीच्या खोऱ्यात, न्यूकॅसलच्या आसपास असं काही पसरलं की दोनशे वर्षं तिथे इंजिनाशिवायची रेल्वे चालली. नावच वॅगनवे, म्हणजे आपल्या भाषेत वाघीणवाट म्हणा! खाण डोंगरावर, नदी खाली, त्यामुळे भरलेली गाडी उतारावर आपोआप धावायची, एक माणूस लाकडी दांड्याचा ब्रेक दाबत बसलेला आणि घोडा मागे बांधलेला, निवांत चालत येणारा. रिकामी वर ओढायला मग तोच. नदीकाठी धक्क्यावर कोळसा होडीत, होडीतून जहाजात, जहाज लंडनला. या वाटेसाठी १७२५-२६ मधे कॉझी इथे बांधलेला सुमारे १०० फुटांचा दगडी कमानीचा पूल अजून उभा आहे, आगगाडी जन्मायच्या कितीतरी आधीचा रेल्वेपूल. न्यूकॅसलची गाडी ५३ हंड्रेडवेटची, म्हणजे साधारण २.७ टन. तुमच्या रॅकमधल्या एका डब्यात तशा वीसेक गाड्या रिकाम्या होतील.
वाफेचं इंजिन आलं ते घोड्याच्या जागी. जॉर्ज स्टीफन्सन त्याच खोऱ्यातला, १८१४ ला किलिंगवर्थच्या खाणीत त्याने पहिलं इंजिन चालवलं, आणि २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली तीसुद्धा मुळात कोळसा बंदरात न्यायला.

टिंबटिंब:
पण रुळांमधलं अंतर रोमन रथाच्या दोन घोड्यांच्या ढुंगणावरून ठरलं ना?

जुनाट:
तो फॉरवर्ड मलाही वर्षातून चारदा येतो. टाइन खोऱ्यात प्रत्येक खाणीची मापं वेगवेगळी होती. किलिंगवर्थला ४ फूट ८ इंच होतं, स्टीफन्सनने तेच पुढे नेलं, अर्धा इंच नंतर वाढला. किलिंगवर्थऐवजी शेजारच्या खाणीत नोकरी लागली असती तर जगाचं माप वेगळं झालं असतं. आपल्याकडे गव्हर्नर जनरल डलहौसीला ६ फूट हवं होतं, शेवटी ५ फूट ६ इंच ठरलं. रोमन घोडे कुठेच नाहीत.

काजळमाया:
ट्रामचंही असंच सांगतात, बेंजामिन आउट्रम या इंग्रज इंजिनिअरच्या नावातला शेवटचा तुकडा म्हणे. तो जन्मला १७६४ ला आणि खाणीतल्या गाडीला ट्राम त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते. आणि रॅक पण तिकडचाच, मूळ रेक, उत्तरेकडच्या खाणींमधे डब्यांच्या माळेला रेक म्हणायचे. म्हणजे छोटी लाईन, तुमच्या वडिलांचा शब्द पण विलायतेच्या खाणीतूनच आलेला 🙂
अजून एक. वागेन आणि आपला वाहन हे खरेखुरे भाऊबंद आहेत, संस्कृतातल्या वह् धातूचं मूळ न त्याचं मूळ एकच. संस्कृतात जिथे ह आहे तिथे मूळ भाषेत घ सारखा वर्ण होता. मराठीने वाघीण करून घ परत आणला, अर्थात योगायोगाने, कारण आपला वाघ व्याघ्रवरून आलाय, त्याचा इथे काही संबंध नाही.

छोटी लाईन:
हे भारीच की! रॅकचं वडिलांना सांगतो. आमच्याकडचा इतिहास पण तसाच आहे, माणसांसाठी नाही तर कोळशासाठी रूळ आले. मुंबईहून नागपूरला गाडी १८६७ ला पोचली पण इंजिनात जाळायचे विलायती कोळसा, जहाजाने मुंबईत उतरलेला, आणि बंगालचा राणीगंज (तिथे रेल्वे १८५५ लाच गेली होती) पडायचा लांब. मग वरोऱ्याला कोळसा मिळाला तर १८७० च्या दशकात वर्ध्याहून खास त्याच्यासाठी फाटा टाकला. पुढे ती खदान बंद पडली, आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवनच आठवतं. पण फाटा राहिला, वाढत बल्लारशाहला गेला न १९२९ ला काजीपेठकडून जोडला गेला. आता दिल्ली–चेन्नईच्या गाड्या त्याच्यावरून पळतात, आतल्या एकालाही माहीत नसतं.

पोटभाडेकरू:
वाघीण फक्त पेपरात म्हणता, त्याला उलट एक उदाहरण. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, जलदूत. आधी १० वाघिणी, मग ५०. तेव्हा लातुरात आमचे मामा फोनवर रोज सांगायचे, आज इतक्या वाघिणी आल्या. ते किराणा दुकानवाले, रेल्वेशी संबंध शून्य.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार, लेकीला वाचून दाखवलं. तिला घोडा मागून निवांत चालत येतो ते सगळ्यात आवडलं. आता विचारतेय, इंजिन वाघिणी ओढतं तर इंजिनाला वाघ का नाही म्हणत. आहे का कुणाकडे उत्तर?