मॉरोविंड: नऊ वर्षांपूर्वी सोडला होता, पुन्हा सुरू करू का?

कंदील:
एल्डर स्क्रोल्स ही व्हिडिओ गेमची मालिका मी उलट्या क्रमाने खेळले. आधी २०११चा स्कायरिम, मग २००६चा ऑब्लिव्हियन, शेवटी २००२चा मॉरोविंड. पहिले दोन पूर्ण केले. मॉरोविंड तीन तासांत बंद केला, त्याला आता नऊ वर्षं झाली.

काय झालं ते नीट सांगते. पात्र म्हणून नॉर्ड वंशाची वॉरियर (योद्धा) घेतली होती. सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर खंजीर असतो, तो उचलला आणि सेडा नीन गावाजवळच्या अ‍ॅडामासार्टस गुहेत धावतच शिरले. पहिल्याच दरोडेखोराने गाठलं. खंजीर अंगातून आरपार जाताना मला दिसत होता, पण वार काही लागत नव्हता. अकरा वेळा मेले. मग गुहा सोडून बाल्मोरा शहराची वाट धरली, तर कुठे जायचं ते दाखवणारा बाणच नाही. तिथे सोडून दिलं.

आता का आठवला? अलीकडेच प्रचंड नकाशा असलेला एक नवा गेम ऐंशी तास खेळून संपवला. भाचीने सहज विचारलं, त्यात कोणती कोणती गावं आहेत? मला एकाचंही नाव सांगता येईना. बाण दाखवेल तिकडे जात राहिले होते. सेडा नीन मात्र अजून लख्ख आठवतं. दलदल, दीपगृह, गावाबाहेर उभा असलेला घराहून उंच किडा (सिल्ट स्ट्रायडर, तिथलं प्रवासाचं वाहन), त्याचा तो लांबलचक हंबरडा. आकाशातून किंचाळत खाली आदळलेला जादूगार. हे सगळं त्या तीन तासांतलं. बालपणीच्या आठवणी म्हणून गोड वाटतंय म्हणावं, तर तसंही नाही, मी तेव्हा नोकरीला लागले होते.

रोज रात्री जेमतेम अर्धा तास मिळतो. प्रत्येक वार हमखास लागेल असा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) टाकून खेळू, की आहे तसाच?

जुना_खेळाडू:
मॉड नको. तुम्ही धावत गेलात, तिथेच सगळं बिघडलं.

या गेममध्ये वार लागणं हा फाशाचा खेळ आहे, फक्त फासे दिसत नाहीत. हिशोब असा: त्या हत्याराचं स्किल, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा. येईल त्या आकड्याला दमानुसार गुणायचं. दमाची हिरवी पट्टी रिकामी असेल तर ०.७५ने, पूर्ण भरलेली असेल तर १.२५ने. धावलं की ती पट्टी उतरते.

आता तुमची नॉर्ड वॉरियर. खंजिराला शॉर्ट ब्लेड स्किल लागतं, तुमचं ते फक्त ५. चपळाई ३०, नशीब ४० धरा. ५ + ६ + ४ = १५. धावून दमलेल्या अवस्थेत ते ११ टक्क्यांवर येतं. त्यातून समोरच्याचा बचाव वजा होतो तो वेगळाच. लाँग ब्लेड मात्र तुमचं पहिल्या दिवसापासून ४० आहे. तीच बाई, हातात लांब तलवार, दम पूर्ण: ६२ टक्के. तेव्हा चालत जा, दाराशी थांबून पट्टी भरू द्या आणि मगच आत शिरा.

ओपन_सोर्स:
वरच्या हिशोबाशी सहमत. मी तांत्रिक बाजू सांगतो. ओपनएमडब्ल्यू नावाचं मोफत इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यावर खेळा. मूळ गेमच्या फायली तुमच्याकडे असाव्या लागतात, पण आजच्या रुंद पडद्यावर नीट चालतं आणि लांबचे डोंगरही दिसतात. गेमचे नियम तेच राहतात.

ट्रायब्युनल हा विस्तारही (मूळ गेमला जोडायचा अधिकृत भाग) घाला. मूळ गेमची रोजनिशी नुसती तारखेवार लिहिली जाते, चार कामं एकदम घेतली की काही सापडत नाही. ट्रायब्युनलमुळे ती कामांनुसार लावून बघता येते. रोज अर्धाच तास खेळणाऱ्याला याचा फार उपयोग. एक मात्र ध्यानात ठेवा, ट्रायब्युनल असला की झोपेत मारेकरी येतात आणि सुरुवातीला ते झेपत नाहीत. त्यांना उशिरा आणणारे छोटे मॉड आहेत, तेवढा एक जरूर टाका.

शेवंती२:
मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बाल्मोराच्या पुढे गेले नाही. लढाईचं मला काही वाटलं नाही. गावात कुणालाही तोच विषय विचारा, शब्दन् शब्द तेच उत्तर. वाचायला आवडत असूनही कंटाळले. तुम्हाला ते जग नऊ वर्षं आठवतंय म्हणजे तुमचं वेगळं होईल कदाचित.

कंदील:
सगळ्यांचे आभार. दोन आठवडे झाले, म्हणून कळवते.

तीच नॉर्ड, तीच वॉरियर, पण नवी सुरुवात. खंजीर उचललाच नाही, लांब तलवार मिळवली. गुहेपर्यंत चालत गेले, हिरवी पट्टी भरेपर्यंत बाहेर उभी राहिले. आत तिसऱ्या वारात पहिला दरोडेखोर पडला. खुर्चीवरून उठून उभी राहिले होते मी!

बाल्मोराला मुद्दाम पायी गेले, सिल्ट स्ट्रायडर घेतला नाही. वाटेवरच्या पाट्या वाचत. दोनदा चुकले. पण आता तो रस्ता मला कागदावर काढून दाखवता येईल, आणि काढलाही आहे, भाचीसाठी. सुरुवातीला कागदांचा एक गठ्ठा मिळतो, तो केयस कोसाडेस नावाच्या माणसाला पोचवायचा असतो. साउथ वॉल कॉर्नरक्लब या गुत्त्यात चौकशी करत त्याचं घर शोधलं, गठ्ठा त्याच्या हाती दिला. तर तो म्हणतो, तू अजून नवखी आहेस, दुसरी कामं कर, अनुभव घे, मग ये. मुख्य कथानकातला माणूसच सांगतोय की घाई नको! नऊ वर्षांपूर्वी इथवर पोचले असते तर बहुतेक सोडला नसता.

शेवंती, तुझं म्हणणं खरं आहे, उत्तरं तीच तीच येतात. मी आता फक्त पत्ते विचारते, गप्पा मारत नाही.

फायटर्स गिल्डमध्ये (गेममधल्या लढवय्यांच्या संघटनेत) नाव घातलंय. पहिलं काम म्हणजे एका बाईच्या घरात शिरलेले उंदीर मारायचे. तिला काळजी आहे ती तिच्या उशांची. आज रात्रीचा अर्धा तास त्यासाठी.