नाण्यांना टॅग लावायचा कसा?

भांडारपाल: आमच्या संग्रहालयाच्या भांडारात चार हजारांवर वस्तू आहेत आणि सांभाळणारे आम्ही दोघंच. मागच्या पडताळणीत एक पितळी घंटा सापडेना. तीन दिवसांनी भलत्याच कपाटात मिळाली, पण तोवर माझा डोळा लागला नव्हता. आता आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी रीडर यंत्राला ओळख सांगणारे टॅग, लावून पाहतेय. लाकडी मूर्तींचे टॅग रीडर लांबून वाचतो, पितळी वस्तूंचे अगदी जवळ नेऊनही वाचत नाही. नाण्यांवर तर टॅगला जागाच नाही. काय करू?

जतनकार: साधा टॅग धातूला टेकला की त्याचा अँटेना नीट चालत नाही. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात, पण ते जाड असतात. कुठलाही टॅग वस्तूला चिकटवू मात्र नका! एका रंगवलेल्या लाकडी मुखवट्यावर कुणीतरी बारकोडचं स्टिकर लावलं होतं. ते सोडवायला मी दोन दिवस बसले, तरी नखाएवढा रंगाचा पोपडा सोबत आलाच. अजून आठवलं की वाईट वाटतं. टॅग सुती दोऱ्याने सैल बांधा, नाण्यांसाठी डबीला लावा. वस्तूवर तिचा दाखल क्रमांक (नोंदवहीतला क्रमांक) लिहायचा तर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अॅक्रिलिक राळेचा पातळ थर, तो वाळल्यावर शाई, वर पुन्हा एक थर. हा थर अॅसिटोनने निघतो, पण अॅसिटोनने प्लास्टिकही खराब होऊ शकतं, म्हणून प्लास्टिकच्या वस्तूंवर नको. कापडाला क्रमांकाची फीत टाक्यांनी जोडा.

भांडारपाल: पण डबी ठेवून कुणी नुसतं नाणं नेलं तर? रीडर सगळं जागेवर दाखवेल.

नोंदवहीवाला: म्हणूनच आधी फोटो, मग टॅग. टॅगला फक्त स्वतःची जागा कळते. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्याचं, गहाळ किंवा खराब झाल्याचं समोर आलं. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची पूर्ण नोंदच नव्हती. मग बाजारात दिसलेली वस्तू आपलीच, हे दाखवणार कशावरून? १९९७ पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा वस्तूंच्या नोंदीचा ठरलेला नमुना आहे, त्यात फोटो, माप, साहित्य यांच्याबरोबर वस्तूच्या खास खुणाही विचारतात. त्या खुणा कधीच वगळू नका. नाण्याच्या दोन्ही बाजू तिरप्या उजेडात टिपा, वजन घ्या, कड तपासा.

भांडारपाल: आज पहिलं नाणं दिव्याखाली तिरपं धरलं. कडेला चंद्रकोरीसारखी खाच आणि मागे दोन समांतर ओरखडे. नोंदवहीत एवढंच आहे: ‘चांदीचे नाणे, १ नग’. पूर्ण नोंद झाल्याशिवाय आता एकही डबी टॅगसाठी काढणार नाही.