‘हे नाहीत’ आणि ‘हे बोटीवर असतात’: प्रोषितभर्तृका या शब्दाच्या निमित्ताने

विचारणा

माझे यजमान मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहेत आणि आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. गेल्या महिन्यात घरोघरी माहिती घेत फिरणाऱ्या एक बाई दारात आल्या होत्या. घरात कोण कोण असते, असे त्यांनी विचारले तेव्हा कणकेचे हात तसेच धरून मी सहज बोलून गेले, “मी, सासूबाई आणि मुलगी. हे नाहीत.” त्यांचे पेन कागदावर थबकले आणि नजर माझ्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्र दिसल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला, तेव्हा कुठे आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आले.

तेव्हापासून मनात घोळते आहे की, नवरा सुखरूप आहे, संसार नीट चालला आहे, केवळ कामासाठी तो सहा-आठ महिने समुद्रावर आहे, अशा बाईसाठी मराठीत शब्द आहे का? ‘विरहिणी’ म्हणवून घ्यायला संकोच वाटतो. शिवाय ‘मिस करणे’ याला आपल्याकडे काय म्हणावे? यजमानांना लिहिताना मी दर वेळी ‘मिस यू’पाशीच येऊन थांबते.

प्रतिसाद

शब्द आहे आणि तो फार नेमका आहे: प्रोषितभर्तृका. नाट्यशास्त्रात नायिकेच्या ज्या आठ अवस्था सांगितल्या आहेत, त्यांतली ही एक. ‘वस्’ म्हणजे राहणे. त्याला ‘प्र’ लागून ‘प्रोषित’ हे रूप होते आणि त्याचा अर्थ घर सोडून दूर राहिलेला. ‘भर्तृ’ म्हणजे पती, जो आपल्या ओव्यांमध्ये ‘भ्रतार’ होऊन येतो. याच धातूपासून ‘प्रवास’ आला आणि याच घडणीने ‘उपवास’ करणाऱ्याला ‘उपोषित’ म्हणतात. म्हणजे प्रवासाला गेलेला नवरा आणि सोमवार धरून बसलेली बायको व्याकरणातही एकाच घरची निघतात. (हा विनोद माझा, कोशात शोधू नये.)

‘विरहिणी’शी या शब्दाचा फरक असा की, विरहाला कोणतेही कारण चालते, भांडणही चालते. प्रोषितभर्तृकेचा पती मात्र महत्त्वाच्या कामासाठी दूर गेलेला असतो, हे नाट्यशास्त्राने लक्षणातच सांगून ठेवले आहे. रुसून बसलेली, फसवली गेलेली, वाट पाहून उत्कंठित झालेली, या अवस्थांना तेथे वेगळी नावे आहेत. आपला संकोच म्हणूनच रास्त आहे. त्यात मराठीत ज्ञानेश्वरांच्या विराण्यांनी ‘विरहिणी’ला विठ्ठलाच्या दारी नेऊन उभे केले, आता तो शब्द स्वतःबद्दल वापरला की एकतर भक्ती वाटते, नाहीतर नाटक.

नाशिककरांना ‘प्रोषितपतिका’ या जुळ्या शब्दाचे प्राकृत रूप अधिक जवळचे वाटावे. पांडवलेण्यांत ज्या सातवाहनांचे शिलालेख आपण पाहतो, त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत ही बाई ‘पउत्थवइआ’ म्हणून जागोजाग भेटते आणि पलीकडे पुष्कळदा गोदावरीच वाहत असते. त्यातल्या एका गाथेत नवरा गेल्याचा दिवस मोजण्यासाठी ती भिंतीवर रेघ ओढते. पण ‘आज गेला, आज गेला’ म्हणत एकामागून एक रेघा ओढत राहते आणि पहिला अर्धा दिवस सरतो न सरतो तोच सगळी भिंत भरून जाते. तेथे शोक, अश्रू असले काही नाही. मोजदाद तेवढी चुकली आहे.

‘मिस करणे’ याला एक प्रतिशब्द शोधू नये, असे माझे मत आहे. इंग्रजीत माणूस ती क्रिया करतो. मराठीत ती त्याच्यावर येते. आठवण येते, सय येते, घर खायला उठते. माणूस असायच्या जागी नसला की जे वाटते, त्याला ‘चुकल्यासारखे वाटणे’ हाच सर्वांत जवळचा प्रयोग आहे. ‘हुरहूर’ त्याहून धूसर आहे. तिला कारण सांगता आलेच पाहिजे असे नाही. ‘करमत नाही’ हे मात्र रोजचे आणि अस्सल. ज्यावरून ‘करमणूक’ हा शब्द आला, ते ‘करमणे’ आज बहुतेक नकाराच्या जोडीनेच बोलले जाते.

दुसरा प्रतिसाद

मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीनिमित्ताने नाशिकरोडला स्थायिक. आमच्याकडे ‘बोटीवर असतो’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. येथे मात्र ‘बोट’ म्हटले की लोकांना सुट्टीच्या दिवशीचे नौकाविहार आठवते. आपल्या वाक्यात दोष ‘नाहीत’चा नव्हता, स्थळ गाळल्याचा होता. ‘हे घरी नाहीत’ यात कोणालाच काही खटकत नाही. स्थळ गाळायचे असेल, तर ‘नाहीत’ऐवजी ‘नसतात’ म्हणावे. त्या एका रूपाने तो नेहमीचा क्रम ठरतो. नुसते ‘गेले’ही असेच जपून वापरण्याचे क्रियापद आहे. निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, ते याच धास्तीपोटी.

मूळ विचारणा करणारीकडून

दोघांचेही आभार. रेघांची गाथा वाचून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाकडे पाहिले. ‘साइन ऑन’च्या, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याच्या, दिवसापासून आमच्याकडेही रोज एक तिरकी रेघ मारली जाते. फरक एवढाच की, ती मी मारत नाही, सासूबाई मारतात, आणि चुकून दोन मारल्या गेल्या तर एक खोडतात.

‘वाट पाहणे’ हा प्रयोग आमच्या घरी अलीकडे यजमानांपेक्षा त्यांच्या ‘रिलीव्हर’साठी, म्हणजे त्यांच्या जागी येणाऱ्या माणसासाठी, जास्त होतो. तो चढल्याशिवाय हे उतरू शकत नाहीत. रजा न देता बारा महिने कोणाला जहाजावर ठेवता येत नाही, असा 2006 च्या सागरी श्रम कराराचा नियम आहे. तरीही 2020 मध्ये बंदरे आणि विमाने बंद झाल्यावर जगभरातले सुमारे 4 लाख लोक मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते आणि त्यांत आमचेही एक होते. त्या दिवसांत सासूबाई देवापुढे हात जोडून मुलाचे नाव न घेता “तो रिलीव्हर लवकर येऊ दे” म्हणत, हे मी स्वतः ऐकले आहे.

कसारा घाट उतरून मुंबई विमानतळाकडे निघताना हे ‘येतो’च म्हणतात, ही सवय आजवर माझ्या ध्यानातच आली नव्हती. ‘करमणे’बद्दल मात्र एक पुरवणी जोडते. बंदराला लागल्यावर फोन आला की यांचा पहिला प्रश्न “करमतंय ना?” असा असतो आणि माझे उत्तर दर वेळी “करमतंय की” असेच असते. होकारार्थी प्रयोगाचे हे एक उदाहरण नोंदवून ठेवावे. अर्थ मात्र नकाराचाच धरावा.